थांबतानाचे फेरे

१८ नोव्हेंबर. लॉकर रिकामा करायचा आहे. चार वाजेपर्यंत किल्ली ऑफिसात द्या, अशी चिठ्ठी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर लावली आहे. खाली कुणाची सही नाही. मी दोन पिशव्या आणल्या आहेत, एक घरी न्यायच्या सामानासाठी आणि एक टाकायच्या सामानासाठी. अर्ध्या तासाचं काम असं धरून तीन वाजता आत आले. आता साडेतीन होत आले आणि दोन्ही पिशव्या रिकाम्या आहेत.

उद्या सकाळी नऊ वाजता यरूनला उत्तर द्यायचं आहे. यरून आमचा प्रॉडक्शन मॅनेजर. वॉशिंग मशीन बनवणारा हा आमचा कारखाना बंद होतोय. का होतोय ते मी सांगत बसणार नाही, ज्यांना आकडे कळतात त्यांचं ते पेपरात लिहून झालं आहे. उद्या दुपारी बाराला शेवटची लाइन थांबेल. मग ती सुटी करून, पेट्यांत भरून पुण्याजवळ चाकणला जाईल. तिथल्या लोकांना शिकवायला यरूनला मी हवी आहे. दीड वर्षाचं काम, थोडं इथून, थोडं तिथे जाऊन. लाइनवरच्या बाकी सगळ्यांचा उद्या शेवटचा दिवस. मला अट एकच: उद्या मशीन फिरताहेत तोवर हाताच्या परीक्षेचा व्हिडिओ करून द्यायचा.

हाताची परीक्षा माझी नाही, विल्माची आहे. आणि विल्मा गेले तीन आठवडे माझ्याशी बोललेली नाही.

लॉकर उघडला की आधी वास अंगावर येतो. नव्या रबराचा, थोडा ओल्या लोकरीचा, थोडा हातांना लावायच्या क्रीमचा. बावीस वर्षं हा वास मी कपड्यांतून घरी नेला. न्यूनेन या डच गावातल्या आमच्या छोट्या घरात कोट अडकवला की मकरंद म्हणायचा, "आली फॅक्टरी." लग्न होऊन त्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा माझ्याकडे फिजिक्सची पदवी होती आणि दुपारभर करायला काही नव्हतं. दोन हिवाळे मी खिडकीत काढले. मग एका एजन्सीने विचारलं, कारखान्यात चालेल का? मी म्हटलं, चालेल.

पहिल्या दिवशी इतकं धुकं होतं की कालव्याच्या कडेने सायकल चालवताना पाणी कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. आत शिरले आणि हॉलचा आवाज पायातून वर आला. बरोबरच्या दोन नव्या मुलींनी कानांवर हात घेतले. मला बरं वाटलं. मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ यंत्रमाग चालायचे. वडील जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, "पलीकडच्या शेडमधला तिसरा बिघडणार बघ." आणि बिघडायचा. माग चालू असताना आम्ही भावंडं गाढ झोपायचो. वीज जाऊन माग थांबले की सगळी एकदम जागी व्हायची.

तेव्हा आवाज मला परका नव्हता, परकी होती ती विल्मा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, खांद्यांनी रुंद, करडे केस कानांच्या वर कापलेले. लाइनच्या शेवटी एक काचेची केबिन होती, आतून जाड फेल्ट लावलेली. सगळे तिला मत्स्यालय म्हणायचे. तयार झालेलं प्रत्येक मशीन रिकाम्या ड्रमने तिथे एकदा पूर्ण वेगात फिरवायचं, आणि आतल्या बाईने ऐकायचं. ठीक असेल तर हिरवं कार्ड, नसेल तर लाल. मी आत गेले, नाव सांगितलं, हात पुढे केला. विल्माने हात हातात घेतला, सोडला आणि म्हणाली, "बोलू नकोस. ऐक."

नंतरचे सहा महिने ती माझ्याशी जेमतेम एवढंच बोलली.

तिची शिकवायची पद्धत विचित्र होती. एखादं मशीन लाल ठरवलं की कारण सांगायची, पण ते कारण तिच्याच आयुष्यातलं असायचं. "हे माझ्या काकाच्या ट्रॅक्टरसारखं वाजतंय." "हा आमचा पाद्री, प्रवचनाआधी घसा साफ करणारा." तिच्या काकाचा ट्रॅक्टर मी कधी ऐकला नव्हता. फातमानेही नव्हता. फातमा आमच्यातली तिसरी, जवळच्याच हेलमंडची, आईवडील मोरोक्कोचे. आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत पाद्रीचा घसा कसा असेल यावर बोलायचो.

शेवटी मी माझ्यापुरती वही केली. आवाज ऐकला की जो शब्द आधी तोंडात येईल तो लिहायचा. बेअरिंग खराब असेल तर खरखर. पट्टा सैल असेल तर घरघर. ड्रम आणि टबच्या मध्ये एखादा स्क्रू पडला असेल तर किणकिण. खालच्या सिमेंटच्या वजनाचा बोल्ट ढिला असेल तर थडथड. मोटार नुसतीच रुसलेली असेल तर भुणभुण. वडिलांनी जेवताना वापरलेलेच हे शब्द. एक दिवस फातमाने वही ओढून घेतली, शब्द मोठ्याने वाचायला लावले आणि म्हणाली, "हे तर ऐकूच येतंय." मग तिने लाल कार्डावर खूण म्हणून रोमन अक्षरांत KHAR लिहिलं. दुरुस्तीवाल्यांनी आधी विचारलं, मग विचारायचं सोडलं. वर्षभरात कार्डांवर सगळीकडे KHAR, GHAR, KIN, THAD.

पुढे एकदा संध्याकाळी सायकल काढताना दुरुस्तीवाले दोघं भांडताना ऐकले. एक डच माणूस दुसऱ्या डच माणसाला म्हणत होता, "ही खरखर नाही रे, घरघर आहे. कान आहेत ना तुला?" ख त्यांना आमच्यापेक्षा चांगला येतो, तो त्यांच्या घशातच असतो. मी सायकलवर बसून निघाले. घरी मकरंदला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मग पगार वाढवून माग."

पहिली वस्तू पिशवीत टाकली: एक जुना एप्रन. टाकायच्या पिशवीत.

कारखान्यातलं वर्ष कॅलेंडरवर चालत नसे. डिसेंबर म्हणजे चॉकलेटचं अक्षर. सिंटरक्लासच्या सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर ठेवलेलं असायचं, साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत एकाच मापाचं. फेब्रुवारी म्हणजे कार्निव्हल. ब्राबांत या आमच्या प्रांतातली मोठी माणसं तीन दिवस गाईचे नाहीतर राजाचे कपडे घालून हिंडायची, हॉल अर्धा रिकामा असायचा, आणि मत्स्यालयात मी आणि फातमा दोघीच. एप्रिलमध्ये लोडिंगचं दार उघडलं की शेणखताचा वास सरळ आत यायचा. शहरातून आलेले इंजिनीअर नाक मुरडायचे, विल्मा खोल श्वास घ्यायची. ऑगस्टनंतर दारापाशी मक्याची धूळ. आणि रोज दहा वाजता कॉफी, कॉफीबरोबर एक बिस्किट. एकच. डबा फिरवायचा आणि झाकण लावायचं.

माझ्या तिथल्या पहिल्या वाढदिवसाला दहा वाजले, सगळे टेबलाभोवती बसले, आणि कुणीच काही बोलेना. मी मनात म्हटलं, आणतील आता केक. ते सगळे माझ्याकडे बघताहेत. पाच मिनिटं अशीच गेली. शेवटी विल्मा म्हणाली, "व्लाय कुठाय?" व्लाय म्हणजे इथला फळांचा पसरट केक.

"मला काय माहीत. वाढदिवस माझा आहे."

"म्हणूनच विचारतेय. ज्याचा वाढदिवस, तो आणतो."

"आणि मग तुम्ही काय करता?"

"आम्ही खातो."

दुसऱ्या दिवशी मी चिवडा केला आणि नेला. त्यांनी तो चमच्याने खाल्ला, एकेक शेंगदाणा वेगळा करून. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, मग फातमाचं केलं, कारण तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. विल्माने माझा हात धरून तीनदा गालाला गाल लावला. तिच्या गालाला रबराचा वास होता. आमच्या सगळ्यांच्याच असेल.

या गोष्टी आठवायला मी इथे आलेले नाही. पावणेचार झाले. लॉकरच्या वरच्या फळीवर वही आहे, कोपरे मळलेले. ती मी कुठल्या पिशवीत टाकायची ते ठरवत नाहीये. यरूनलाही तीच हवी आहे, त्याने फोटो काढून घेतले आहेत. पण या वहीत हात नाही. हात मी कधीच लिहिला नाही.

मत्स्यालयात मायक्रोफोन आले ते वर्ष मला चांगलं आठवतं, कारण त्या वर्षी आम्ही तिघी दर शुक्रवारी एकमेकींना "सोमवारी भेटू" म्हणताना जरा थांबायचो. मायक्रोफोन सेकंदात निकाल द्यायचा, त्याला कॉफी लागत नव्हती. सहा आठवडे दोन्ही चालू ठेवणार होते, मग आम्हाला हलवणार होते. त्या सहा आठवड्यांत विल्माने मायक्रोफोनने पास केलेली मशीन लाल ठरवायला सुरुवात केली. रोज दोन, तीन. दुरुस्तीवाले उघडायचे, आणि बेअरिंगला हलकी, नुकती सुरू झालेली खरखर सापडायची. कुणाला कळेना ती कशी ओळखते. सहा आठवड्यांनी मायक्रोफोन राहिले आणि आम्हीही राहिलो.

ते सहा आठवडे संपले त्या शुक्रवारी दुपारी तिने मला दाखवलं. हॉल रिकामा होत आला होता. एक मशीन तिने पूर्ण वेगात नेलं आणि मोटार बंद झाली.

"आता," ती म्हणाली, "मोटार बंद झाली की मायक्रोफोनपण बंद होतो. त्याचं काम संपलं. पण ड्रम अजून फिरतोय बघ. हे शेवटचे फेरे. मोटार चालू असते तोवर ती सगळं झाकते. थांबताना मशीन खरं बोलतं."

मग तिने उजवा हात उलटा केला आणि तळवा वर ठेवून मशीनच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवला. बोटं सैल, मनगट सैल, डोळे दुसरीकडे. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. माझाही हात तसाच ठेवायला लावला. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. चौथ्या दिवशी कळलं: आठ-नऊ फेरे गुळगुळीत, आणि मग अगदी शेवटच्या दोनमध्ये वाळूचा एक कण.

"कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"गाईंनी. गाभण गाईच्या कुशीला असाच हात लावायचे मी. तळहाताला फार समजतं, सगळंच समजतं. हाताच्या पाठीला थोडंच समजतं, पण तेवढंच हवं असतं." मग म्हणाली, "हे कुठे लिहायचं नाही. कागदावर गेलं की आपण गेलो. फातमाला मी सांगेन. बस."

मी लिहिलं नाही. मकरंदलाही सांगितलं नाही. तेरा वर्षं आम्ही तिघींनी उलटे हात लावले. कुणी केबिनपाशी आलं की हात मशीनवरून उचलून केसांकडे न्यायचा, एवढी सवय झाली होती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी ती मीटिंग झाली.

यरूनने मला आणि विल्माला वर बोलावलं. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर चाकणचा क्वालिटी सुपरवायझर. पन्नाशीचा माणूस, मिशी, गळ्यात ओळखपत्र. जाधव. आधी सगळं इंग्रजीत चाललं होतं. यरूनने वहीचे फोटो पाठवले होते. जाधवांनी ते उघडले. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले.

"मॅडम, तुम्ही मराठी का?"

"हो. इचलकरंजी."

"काय सांगता. मी वाळव्याचा की ओ." मागे वळून कुणाला तरी म्हणाले, "ए, इकडं ये, मराठीत लिहिलंय सगळं." परत माझ्याकडे वळले. "ताई, ही खरखर म्हणजे बेअरिंगची. आणि थडथड म्हणजे खालचं वजन सुटलंय. बरोबर?"

"बरोबर."

"मग यात शिकवायचं काय आहे? हे तर माझ्या लाइनवरच्या बायकांना वाचून दाखवलं की झालं. आणि भुणभुण?"

"मोटार. बिघडलेली नसते, पण बिघडायच्या विचारात असते."

ते मोठ्याने हसले. मीही हसले. यरून म्हणाला, "चालू द्या, कुठल्याही भाषेत चालू द्या," आणि खुर्चीत मागे टेकला.

बावीस वर्षं मी माझं काम डचमध्ये, इंग्रजीत, खुणांनी, कार्डांनी समजावत आले. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचं, मग बोलायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाक्यं आपोआप बाहेर येत होती. जाधव विचारायचे ते नेमकं तेच असायचं. पट्टा थंडीत वेगळा वाजतो का? वाजतो. रिकाम्या ड्रमची घरघर आणि भरलेल्याची वेगळी का? वेगळी. मग ते म्हणाले, "ताई, एक सांगा. नुकती सुरू झालेली खरखर कशी पकडायची? आमच्याकडं मायक्रोफोन पास करतो आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाईकाच्या घरून परत येतं."

आणि मी सांगितलं.

ठरवून नाही सांगितलं. वडिलांनी जेवताना सांगावं तसं सांगितलं. मोटार बंद होऊ द्या, घाई करू नका, थांबतानाचे फेरे बघा, आणि हात असा लावा. असा म्हणताना माझा उजवा हात उलटा होऊन टेबलावर गेला. बोटं सैल, डोळे दुसरीकडे. पडद्यावर जाधवांनी लगेच आपला हात त्यांच्या टेबलावर तसाच ठेवला.

माझे डोळे दुसरीकडे होते म्हणून मला विल्मा दिसली. तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. ती माझ्या हाताकडे बघत होती, मग पडद्यावरच्या हाताकडे. मग तिने तिची डायरी मिटली, उठली आणि म्हणाली, "मला खाली काम आहे."

यरूनलाही हात दिसला होता. तो मॅनेजर आहे, मूर्ख नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला दीड वर्षाचं काम आणि व्हिडिओ, दोन्ही एकदमच सांगितलं. आधी त्याने विल्माला विचारलं होतं. तिने नाही म्हटलं होतं.

तेव्हापासून दहाच्या कॉफीला ती माझ्याकडे पाठ करून बसते. मत्स्यालयात आम्ही तिघी हातभर अंतरावर उभ्या असतो आणि ती फक्त फातमाशी बोलते, तेही गरजेपुरतं. एकदा फातमाने मला सायकलस्टँडपाशी गाठलं. "तिने बघितलं," ती म्हणाली. "माहीत आहे," मी म्हटलं. "मग?" "मग काय?" फातमाने खांदे उडवले आणि कुलूप काढलं.

घरी मकरंदचं सरळ असतं. "घे नोकरी. बावन्नाव्या वर्षी ऐकायचं काम तुला दुसरं कोण देणार आहे? आणि ती बाई दोन-चार वर्षांत पेन्शनला लागेल. तिचं काय जातंय?" त्याचं चुकत नाही. मीही घरी कुणाला हेच सांगितलं असतं. बाहेरच्या जगात माझ्या कामाला नावच नाही. एजन्सीच्या फॉर्मवर "अनुभव" या रकान्यात मी काय लिहिणार, थांबणारी मशीन?

ईशा, आमची मुलगी, जेवता जेवता डचमध्ये म्हणाली, "पण आई, तू तिला विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"तेच."

मी तिला भाजी वाढली.

तर आज लॉकर. चार वाजायला पाच मिनिटं आहेत. वही, कप, क्रीमची डबी, जुने बूट, एका वर्षीच्या चॉकलेटच्या अक्षराचा रिकामा खोका, का ठेवला होता कोण जाणे. खोका टाकला. तेवढ्यात दार उघडलं आणि विल्मा आत आली. तिचा लॉकर माझ्यापासून तिसरा. तिने तो उघडला, आत बघत उभी राहिली.

"जास्तीची पिशवी आहे का?" तिने विचारलं.

तीन आठवड्यांनंतरचं पहिलं वाक्य. मी टाकायची पिशवी माझ्या दुसऱ्या पिशवीत ओतली आणि रिकामी तिला दिली. ती टॉवेल घड्या घालून भरू लागली. जे टाकायचं नाही तेही ती तशाच घड्या घालून ठेवते आणि जे टाकायचं तेही.

"विल्मा, त्या दिवशी मी त्यांना हात दाखवला."

"बघितलं. डोळे आहेत मला."

"माझ्या लक्षातच आलं नाही."

"असं म्हणू नकोस. हाताला भान राहिलं नाही. तू खूश होतीस. बावीस वर्षांत तुला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ही कोण बाई आहे."

बाहेर कुणीतरी गाडा ढकलत गेलं.

"उद्या यरूनला व्हिडिओ हवा आहे," मी म्हटलं. "तू म्हणशील तर करेन. नाही म्हणालीस तर नाही."

तिने टॉवेल खाली ठेवला. "म्हणजे मी हो म्हणायचं आणि तू मोकळी. नाहीतर मी नाही म्हणायचं आणि तुझी नोकरी माझ्यामुळे गेली."

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

"मी काहीच म्हणणार नाही. यरूनला मी माझ्या हाताचं उत्तर दिलं. तुझ्या हाताचं तू दे." मग म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर ती नोकरी घेतली असती. आणि तू मला जन्मभर माफ केलं नसतंस."

"केलं असतं."

"तू? फातमाने तुझा कप फोडला ते तू अजून काढतेस."

"तो चांगला कप होता."

ती हसली नाही, पण पिशवीचे बंद बांधताना थोडी सावकाश झाली. किल्ली कुलपातून काढून तिने हातात घेतली. दारापाशी जाऊन वळली.

"त्या माणसाची बोटं ताठ होती," ती म्हणाली. "तशा हाताला काही कळत नाही." आणि गेली.

मी किल्ली दिली तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. ऑफिसातल्या मुलीने ती डब्यात टाकली. घरी येताना वारा समोरून होता. संध्याकाळी मी डाळीला फोडणी दिली, कोथिंबीर घालायची विसरले, मकरंदने विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "उद्या कळेल." जे ठरवायचं ते सायकलवरच ठरलं होतं, पण बोलून दाखवलं की ते सोपं वाटायला लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी यरूनला हो म्हटलं. माझ्याही दोन अटी घातल्या. शिकवणार मी मराठीत, आणि व्हिडिओ वरच्या खोलीत नाही, मत्स्यालयात, काम चालू असताना. लपून करायचं नव्हतं. यरूनने तिकाटण्यावर कॅमेरा लावला, बाजूच्या लॅपटॉपवर जाधवांना घेतलं. केबिन लहान. फातमा दाराशी सरकली. विल्मा तिच्या जागी होती, माझ्यापासून दोन हातांवर, तिच्यापुढच्या मशीनवर लक्ष ठेवून. लाइनवरचे काही जण काचेबाहेर येऊन उभे राहिले. कुणी हात केला नाही, कुणी पाठही फिरवली नाही.

माझ्यापुढचं मशीन पूर्ण वेगात गेलं. यरूनने मान हलवली: सुरू कर.

आमच्याकडे गाणारे लोक गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतात. मी गाणारी नाही आणि असलं काही कधी केलं नव्हतं. मी उजव्या हाताने कानाची पाळी धरली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हे मला विल्माने शिकवलं. माझं यात काही नाही. पुढे कुणाला शिकवाल तेव्हा आधी तिचं नाव घ्यायचं."

लॅपटॉपवर जाधवांनी चष्मा काढला. त्यांचाही हात कानाला गेला आणि ते म्हणाले, "विल्मा." मागे उभ्या असलेल्या त्यांच्या लाइनवरच्या दोन बायकांनीही म्हटलं.

आपलं नाव परक्या आवाजात ऐकून विल्माने मान वर केली.

"कानाला काय झालं?" यरून काळजीने म्हणाला. "आवाज येत नाहीये का? माइक बदलू?"

"येतोय," मी म्हटलं. मोटार बंद झाली होती, ड्रमचे फेरे कमी होत होते आणि वेळ थोडा होता. मी हात उलटा केला आणि मशीनच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला.